फू हायफेंगचे पाय, हैदराबाद 2009

ऑगस्ट 2009 मध्ये बॅडमिंटनची वर्ल्ड चॅम्पियनशिप हैदराबादला झाली, गचिबावलीच्या इनडोअर स्टेडियममध्ये, आणि मी तिथे लाइन जज होतो. 16 तारखेला, फायनलच्या दिवशी, पुरुष दुहेरीला माझी ड्युटी बेसलाइनवर, म्हणजे कोर्टच्या अगदी मागच्या रेषेवर लागली. चीनचे काई युन आणि फू हायफेंग, समोर कोरियाचे जुंग जे-सुंग आणि ली याँग-दे. इतकी वर्षं ऑफिशिएटिंग केलंय, पण त्या मॅचइतकं खुर्चीत बसून दमायला कधीच झालं नाही.

त्या दिवसांचं वातावरणही सांगायला पाहिजे. पुण्यात स्वाइन फ्लू नुकताच घुसला होता, देशातला पहिला मृत्यू पुण्यातच 3 ऑगस्टला झाला, शाळा बंद, नायडू हॉस्पिटलबाहेर तपासणीच्या रांगा, आणि मी तोंडाला मास्क बांधून हैदराबादच्या गाडीत बसलो. तिथे पोचल्यावर पुण्याचं नाव काढलं की समोरचा दोन पावलं मागे सरकायचा. नागपूरचा एक जुना मित्रही ड्युटीला होता, त्याने भेटल्या भेटल्या विचारलं, "काय रे, ताप-बिप नाही ना तुला?" त्यात इंग्लंडची टीम अतिरेकी हल्ल्याच्या भीतीने स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच परत गेलेली, त्यामुळे आत जाताना प्रत्येक दाराला तपासणी. पण एकदा कोर्टवर गेलं की हे सगळं बाहेर राहायचं.

लाइन जजचं काम लांबून सोपं दिसतं, बसायचं आणि हात दाखवायचा. पण आम्हाला मॅच बघायची मुभा नसते, रेषा बघायची असते. शटल तुमच्या रेषेच्या दिशेने निघालं की ते पडायच्या आधी तुमची नजर रेषेवर जाऊन थांबलेली पाहिजे, शटलच्या मागे नजर पळवली की ते नक्की कुठे टेकलं ते सांगताच येत नाही. बाहेर पडलं तर दोन्ही हात पसरून जोरात आउट ओरडायचं, आत पडलं तर एक शब्द न बोलता उजवा हात रेषेकडे. आणि दिसलंच नाही तर डोळ्यांवर हात ठेवायचे, म्हणजे अंपायरला कळतं. तेव्हा खेळाडूंना चॅलेंज घ्यायची, म्हणजे आमचा निर्णय कॅमेऱ्यावर तपासून मागायची सोय नव्हती. म्हणून ती फायनल मी बघितली ती बरीचशी जमिनीपासून गुडघ्यापर्यंत, आणि चीनची जोडी माझ्या बाजूला असली की समोर फू हायफेंगचे पाय, कारण मागचं कोर्ट सांभाळायचं काम त्याचं आणि नेटजवळ काई युन.

फू म्हटलं की सगळे त्याचा स्मॅश सांगतात. 2005 च्या सुदिरमन कपमध्ये, म्हणजे देशांच्या टीम्सच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये, बीजिंगला त्याच्या स्मॅशचा वेग ताशी 332 किलोमीटर मोजला गेला होता आणि तेव्हा तो रेकॉर्ड होता. खरंय, आवाजच वेगळा यायचा, बंद खोलीत फटाका फुटावा तसा. पण माझ्या खुर्चीतून जे दिसत होतं ते स्मॅशच्या नंतरचं. उडी मारून तो मारायचा आणि खाली येताना मागचा पाय टेकतोय न टेकतोय तोच पुढचा पाय पुढच्या शॉटकडे निघालेला असायचा. मारला आणि बघत राहिला असं एकदाही नाही. आणि तसं परवडणारही नव्हतं, समोर ली याँग-दे होता, आदल्या वर्षी बीजिंगला मिश्र दुहेरीचं ऑलिंपिक गोल्ड घेतलेला पोरगा, त्याचा डिफेन्स असा की जगातला सगळ्यात जोरदार स्मॅशसुद्धा परत यायचाच. मग फू परत मारायचा, ते परत यायचं, मग एक हळू ड्रॉप, मग परत स्मॅश, आणि या सगळ्यात त्याला हे माहीत असायचं की नेटवर काई युन उभा आहे आणि जरासं उंच आलेलं शटल तो सोडणार नाही. दुहेरीत मागचा माणूस पॉइंट मारत नाही, तयार करून देतो, हे मी आमच्या क्लबच्या पोरांना कितीदा सांगितलं असेल, पण स्वतः मला ते खरं कळलं ते त्या खुर्चीत बसून.

पहिली गेम चीनने 21-18 घेतली. दुसरीत ते माझ्या बाजूला आले आणि 16-21 हरले. तिसऱ्या गेममध्ये 11 ला बाजू बदलते, म्हणजे शेवटचा सगळा भाग फू माझ्याच समोर. आणि तो शेवट संपेचना. 20-20 झालं. मग 21-21, मग 22-22. ज्यांना नियम माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, 20 ऑल झाल्यावर दोन पॉइंटची लीड लागते, नाहीतर 29 ऑलनंतर पुढचा पॉइंट घेईल तो जिंकला. ती गेम, आणि मॅच, चीनने 28-26 ने घेतली, म्हणजे 20 पासून 26 पर्यंत प्रत्येक आकड्याला बरोबरी झाली, आणि प्रत्येक बरोबरीच्या आधी कुणाच्या तरी हातातला मॅच पॉइंट, म्हणजे एका पॉइंटवर आलेला विजय, निसटलेला होता, म्हणजे कमीत कमी सात. हे सगळं शांत बसून, हात गुडघ्यांवर, चेहरा कोरा ठेवून बघायचं, कारण आम्ही हलायचं नाही, टाळी नाही, सुस्कारासुद्धा नाही. माझे तळहात ओले झाले होते आणि पँटला पुसायचीसुद्धा सोय नव्हती.

त्यात एक शटल फूच्या डोक्यावरून माझ्या रेषेवर आलं, त्याने ते सोडून दिलं. रेषेच्या पांढऱ्या पट्ट्यावर कॉर्क टेकलेला मला स्पष्ट दिसला. हात पुढे केला, इन. तो वळला, त्याने ती जागा बघितली, माझ्याकडे बघितलं, मान हलवली आणि रॅकेटच्या तारा बोटांनी सरळ करत परत आपल्या जागेवर गेला. अंपायरकडे तक्रार नाही, हातवारे नाहीत. वर्ल्ड टायटल एकेका पॉइंटवर लटकलेलं असताना.

तो इतका शांत कसा, याचा मी नंतर खूप विचार केला. मला वाटतं उत्तर आदल्या वर्षात आहे. ऑगस्ट 2008, बीजिंग ऑलिंपिक, घरच्या प्रेक्षकांसमोर फायनल, पहिली गेम 21-12 ने जिंकली आणि मग इंडोनेशियाच्या मार्किस किडो आणि हेंद्रा सेतियावानने पुढच्या दोन्ही घेतल्या. चीन बॅडमिंटनमध्ये एवढा मोठा, पण पुरुष दुहेरीचं ऑलिंपिक गोल्ड तोपर्यंत त्यांच्याकडे नव्हतंच. त्यांचा तेव्हाचा मुख्य कोच ली याँगबो स्वतः दुहेरीचा दोनदा वर्ल्ड चॅम्पियन, 1992 ला बार्सिलोनात त्यालाही ब्राँझवरच थांबावं लागलेलं. एवढं ओझं घेऊन हरल्यावर माणूस एक तर मोडतो नाहीतर पुढच्या शॉटशिवाय काही बघायचं सोडून देतो.

हैदराबादनंतर त्यांनी 2010 ला पॅरिस आणि 2011 ला लंडनमध्ये वर्ल्ड टायटल राखलं, 2006 चं माद्रिदचं धरून चार झाली. 2012 ला लंडन ऑलिंपिकमध्ये डेन्मार्कच्या बो आणि मोगेन्सनला सरळ दोन गेममध्ये हरवून ते राहिलेलं गोल्ड घेतलं, त्या वर्षी पाचही गोल्ड चीनची. इथेच थांबला असता तरी चाललं असतं. पण फू नव्या पार्टनरसोबत, झांग नानसोबत, 2016 ला रिओला परत फायनलमध्ये उभा. मलेशियाच्या गोह व्ही शेम आणि तान वी किआँगविरुद्ध पहिली गेम गेली, दुसरी घेतली, आणि तिसरी परत 20 च्या पुढे गेली. मी घरी टीव्हीसमोर होतो आणि माझी नजर आपोआप खाली, त्याच्या पायांकडे. शरीर जरा जड झालेलं, उडी पूर्वीची नाही, पण मारून झाल्यावर पुढचं पाऊल तसंच निघत होतं. 23-21. दुसरं गोल्ड.

जुंग जे-सुंग मात्र आता नाही. 2018 मध्ये 35 व्या वर्षी हार्ट अटॅकने गेला. हैदराबादला तो 28-26 ने हरला होता, आणि माझ्या मते त्या दिवशी तोही तेवढाच मोठा खेळला. ती मॅच कुठे सापडली तर तिसरी गेम 20-20 पासून बघा, चौघांनाही बघा, आणि एकदा तरी शटल सोडून मागे उभ्या असलेल्या माणसाचे पाय बघा.