आपल्याच कंपनीच्या ॲपमध्ये माझा क्लेम अडकला तेव्हा

आमची पुण्यातली कंपनी खर्चाच्या क्लेमचं, म्हणजे कामासाठी केलेला खर्च ऑफिसकडून परत मागण्याचं, सॉफ्टवेअर बनवते. मध्यंतरी ठरलं की एक्सेल बंद, आता आपले क्लेमही आपल्याच ॲपमधून. लॉगिन, बिलं स्कॅन करणं, सबमिट हे पटकन झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. घोडं अडलं ते अप्रूव्हलला.

नागपूरच्या क्लायंटकडे जाऊन आलो होतो, हॉटेल, टॅक्सी धरून बऱ्यापैकी रक्कम. स्टेटस 'मॅनेजरकडे पेंडिंग', आणि तिथून हलेचना. माझ्या मॅनेजरने नोकरी सोडली होती, एचआरने नवीन मॅनेजर लावला पण आधीचा क्लेम जुन्याच नावावर, ते खातं बंद, रिमाइंडरचे मेल त्या बंद मेलबॉक्सला जात होते. क्लेम मागे घ्यायचं बटण दबत नाही. नवीन टाकला तर 'हे बिल आधीच वापरलं आहे'. फायनान्स म्हणे सिस्टीममध्ये आहे ना, मग आम्ही काय करणार! तोवर क्रेडिट कार्डचे पैसे मी खिशातून भरले.

डेव्हलपर मित्र म्हणाला, नंबर दे, डेटाबेसमधून मॅनेजर बदलतो, दोन मिनिटांचं काम. मी नको म्हटलं. कारण कस्टमरच्या शेजारी असा मित्र बसलेला नसतो. मायक्रोसॉफ्टमध्ये विंडोज एनटी ही ऑपरेटिंग सिस्टीम बनत होती (ती आली १९९३ साली) तेव्हा ती बनवणारी डेव्ह कटलर यांची टीम स्वतःच्या मशीनवर तीच अर्धवट एनटी चालवायची, बिघाडाचा पहिला फटका त्यांनाच. आमच्याकडे असा फटका बसला की लोक मागच्या दाराने सुटायचे, आधी काही जणांनी असंच करून घेतलं होतं आणि कुठेच नोंद नाही.



तर मी कस्टमरसारखं सपोर्टला तिकीट (तक्रारीची नोंद) टाकलं. 'लो प्रायॉरिटी' लागली, तेव्हा खरंच राग आला. तोच प्रॉब्लेम एका कस्टमरनेही कळवला होता, ते तिकीट सपोर्टने 'ॲडमिनने बदलावं' म्हणून बंद केलेलं, पण ॲडमिनला तो पर्यायच दिसत नाही! दोन्ही तिकिटं जोडून प्रॉडक्टच्या मीटिंगमध्ये स्क्रीनवर दाखवली, तेव्हा काम हललं. आता मॅनेजरचं खातं बंद झालं की पेंडिंग क्लेम आपोआप वरच्या मॅनेजरकडे जातात, आणि ते माझ्या तिकिटामुळे झालं याचा मला अभिमान आहे. पैसे पुढच्या पगारासोबत आले.

तुमच्याकडे अजून जुनं व्हर्जन असेल तर मॅनेजर नोटीस पिरियडवर आहे कळल्याबरोबर आधी क्लेम पास करून घ्या.