न बघता ओवलेली सुई

सुईत दोरा ओवायला मला कधी कशाची मदत लागली नव्हती. दोऱ्याचं टोक तिरकं कापायचं, चिमटीत अगदी काठाशी धरायचं, नेढं उजेडाकडे करायचं, की झालं. आमच्या शिवणखोलीत शेजारी बसणाऱ्या काकू मात्र प्रत्येक वेळी ती पत्र्याची चकती आणि तारेची चौकट असलेलं थ्रेडर काढायच्या. तार नेढ्यातून घालायची, तिच्या चौकटीत दोरा अडकवायचा आणि तारेबरोबर तो परत ओढून घ्यायचा, असं ते साधन. वयाने नजर कमी झाली असेल, असं मी मनाशी धरलं होतं. त्यांचा हात माझ्यापेक्षा कच्चा आहे असंही मला वाटायचं, आणि हे आज लिहिताना वाईट वाटतं.

त्या दिवशी सकाळी माझी डोळ्यांची तपासणी होती, वेळ आधीपासून ठरलेली. बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घातले आणि पुढचे काही तास जवळचं धूसर दिसेल असं सांगितलं. तोवर गोधडी पूर्ण झालेली असेल असा माझा हिशोब होता, पण ती झाली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती द्यायची होती आणि कडेच्या पट्टीवरचा साडेतीन मीटर धावदोरा बाकी होता. दुसऱ्या कुणी पूर्ण करण्यासारखं ते काम नव्हतं. हाताने टाकलेला टाका अक्षरासारखा असतो. पट्टीच्या मधोमध हात बदलला तर ते लगेच कळतं.

गंमत अशी की शिवता येत होतं. हात लांब करून धरलं की खडूची रेघ दिसायची. शिवाय तीन थरांतून सुई खाली आली की खालचं बोट तिचं टोक ओळखतं, टाका बराचसा स्पर्शावरच चालतो. अडलं ते नेढ्यापाशी. गोधडीची सुई आखूड असते आणि तिचा नंबर वाढतो तशी ती बारीक होते. माझी 10 नंबरची होती. तिचं नेढं म्हणजे माझ्यासाठी नुसता धुक्याचा ठिपका. काकूंचा चष्मा लावून पाहिला. थोडं सावरलं, पण उजेड डोळ्यांत इतका घुसायला लागला की पाणी वाहू लागलं.

काकूंनी आधी माझ्या चारही सुया ओवून एकाच रिळाच्या दोऱ्यावर ओळीने सरकवून ठेवल्या. पहिली सुई हवी झाली की उरलेल्या तीन मागे सारायच्या, हातभर दोरा सोडायचा आणि कापायचा. एका हातभर दोऱ्यात, म्हणजे साधारण 45 सेंटिमीटरमध्ये, गाठी आणि शेवटचं टोक सोडून जेमतेम 30 सेंटिमीटर शिवून होतं. म्हणजे बारा वेळा तरी ओवलेली सुई लागणार होती. चार तयार होत्या, उरलेल्या आठ वेळा मलाच ओवायचं होतं, आणि काकू तीनला निघणार होत्या.

"काकू, तुमचं ते यंत्र द्या ना," मी म्हटलं. टेबलावर ठेवायचं, बटण दाबायचं थ्रेडर होतं ते. नळीत सुई नेढ्याच्या बाजूने सोडायची, खाचेत दोरा आडवा ठेवायचा आणि दाबायचं, की आतली पातळ पात नेढ्यातून दोरा पलीकडे ढकलते. "अगं, त्यात तुझा दोरा अडकेल. गोधडीचा दोरा जाड, आणि तुझी सुई बारीक. ते माझ्या भरतकामाच्या सुयांना बरं." आणि त्यांनी मला पत्र्याची चकती दिली.

पहिली मी पाचच मिनिटांत मोडली. तार चकतीला जिथे जोडलेली असते तिथूनच निसटली. मला वाटलं माल हलका. काकू म्हणाल्या, माल नाही, ओढणं. नेढ्यातून जाताना दोरा दुहेरी होतो आणि त्याला तारेची जाडीही लागते. अशा वेळी चकती धरून हिसका दिला की सगळा ताण जोडावर येतो. तार मुळाशी चिमटीत धरायची, दोऱ्याचं टोक तीन-चार बोटं तरी पलीकडे ठेवायचं आणि तार ओढायच्या ऐवजी सुईच हळूहळू तारेवरून काढून घ्यायची. तरी घट्ट वाटलं तर हट्ट करायचा नाही, 9 नंबरची सुई घ्यायची.

पण नेढं सापडणार कसं? त्यांनी माझं बोट धरून दाखवलं. नेढ्याच्या दोन्ही बाजूंना सुईवर बारीक खाचण असते. तारेचं टोक सुईच्या डोक्यावरून खाली घासत आणायचं, आणि ते खाचणीत बसलं की आपोआप नेढ्यात उतरतं. नाही बसलं तर सुई चिमटीत किंचित फिरवायची. दोऱ्याने हे जमत नाही, कारण दोरा लवतो. ताठ तार मात्र बोटाला सांगते की कुठे अडलं, कुठे उतरलं. मी डोळे मिटून प्रयत्न केला. आठव्या-नवव्या वेळी ती उतरली, आणि मला जे वाटलं ते आनंदापेक्षा जास्त होतं. इतकी वर्षं हातात असलेल्या सुईला खाचण असते हे माझ्या बोटांना माहीतच नव्हतं.

काकू वेळेवर निघाल्या. जाताना दुसरी चकती अंगुस्तानाशेजारी ठेवून गेल्या. मी एकटीने आठ वेळा ओवलं. दोनदा दोरा निसटला, एकदा नेढ्याशी घासून पिंजारला म्हणून कापून टाकला. तार शेवटपर्यंत टिकली.

सकाळी नीट दिसायला लागल्यावर पट्टी पाहिली. एका कोपऱ्यात इंचाला 9 ऐवजी 7 टाके पडले होते. तेवढा वीतभर भाग उसवला आणि पुन्हा घालायला बसले. डोळे आता ठणठणीत होते. तरी सुई उचलली, डोळे मिटले आणि तारेचं टोक खाचण शोधू लागलं. काकूंनी समोरून पाहिलं, काही बोलल्या नाहीत, फक्त त्यांच्याकडची जाड दोरा ओवायची आकडी माझ्या बाजूला सरकवली.