डोळे मिटून बघितलेले सिनेमे

भुताचे सिनेमे मला जीव की प्राण, पण मी ते डोळे मिटून बघतो. लहानपणची खोड आहे. बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या कौलारू घरात सगळी भावंडं एका चटईवर बसून टीव्हीवर 'रात' बघायची. मी उशी तोंडावर धरून ऐकायचो. त्यातल्या रेवतीचे डोळे कसे फिरले होते ते मला आजही माहीत नाही, पण तिचा श्वास पाठ आहे.

त्यामुळे माझी आवडीची यादी कानांनी केलेली. 'सायको'तलं न्हाणीघर घ्या. दिग्दर्शक हिचकॉकला तिथं संगीतच नको होतं. संगीतकार बर्नार्ड हर्मननं तरी ते केलं, तेही नुसत्या तंतुवाद्यांवर. डोळे मिटले की सुरी जास्तच लागते. त्याच्याही आधीचा, १९४९ चा 'महल'. 'आयेगा आनेवाला'च्या सुरुवातीला लताबाईंचा आवाज लांबून येतो ना, त्यासाठी त्या स्टुडिओच्या कोपऱ्यातून गात गात माइककडे चालत आल्या होत्या. आणि रेकॉर्डवर गायिका म्हणून नाव छापलं ते सिनेमातल्या कामिनीचं! गाणाऱ्या बाईचा पत्ताच नाही. याहून भुताटकी ती काय?

'तुंबाड' तेवढा उघड्या डोळ्यांनी बघितला. त्यातला पाऊस आमचा वाटतो. जुलैत खानापूरकडं असाच लागतो. आठ-आठ दिवस कपडे वाळत नाहीत आणि भिंतींना घाम येतो.

आर्ट पॉप मला मावसभावाच्या पेनड्राइव्हमधून भेटलं. पॉपच, पण अंगात आल्यासारखं. त्यात केट बुश नावाची इंग्रज बाई होती. १९७८ मध्ये, एकोणीस वर्षांची असताना, तिनं पहिलंच गाणं काढलं ते एका मेलेल्या मुलीच्या तोंडचं: थंडी वाजतेय, खिडकीतून आत घे. ते इंग्लंडात पहिल्या नंबरावर गेलं. पुढं 'हाउंड्स ऑफ लव्ह' या गाण्याची सुरुवात तिनं १९५७ च्या एका भुताच्या सिनेमातल्या आरोळीनं केली, ते झाडांत आहे, येतंय म्हणून. म्हणजे बाई आपल्यातलीच. पाच सेकंदांत मी उशी शोधली.

बाबांना हे ओरडणं वाटतं. ते कुमार गंधर्वांचे भक्त. कुमार जन्मले ते इथंच, सुळेभावीला, हे ते पाहुण्यांना चहाच्या आधी सांगतात. पण करंट गेलेल्या रात्री मोबाइलवर 'उड जायेगा हंस अकेला' लावून बघा. तो तुटलेला, मधेच वर झेपावणारा सूर ऐकताना माझ्या हातावर जो काटा येतो, तो केट बुशच्याच जातीचा. बाबांना हे अजून सांगितलेलं नाही. घरात शांतता हवी.

गेल्या पावसाळ्यात तिचं १९८२ चं 'गेट आउट ऑफ माय हाउस' लावलं होतं. स्टीफन किंगच्या 'द शायनिंग' कादंबरीवरून सुचलेलं. घरात शिरू बघणाऱ्याला हाकलायला ती शेवटी खेचर होते आणि खरोखर खेचरासारखी ओरडते. नेमका तेव्हाच स्पीकरचा आवाज मोठा होता. आजी बॅटरी घेऊन परड्यात गेली.

"कुणाचं गाढव शिरलंय गा?"

"गाढव नाही आजी, बाई आहे. इंग्लंडची. गातेय."

आजीनं बॅटरी बंद केली, दारात पाय पुसले आणि क्षणभर ऐकत उभी राहिली.

"मग तिच्या घरात बघणारं कोण नाही होय?"