चावी काढली तरी इंजिन बंद होईना

चावी काढून हातात घेतली तरी डिझेल इंजिन चालू राहू शकतं, एवढंच नाही तर आणखी जोरात पळू शकतं, हे पुष्कळ गाडीमालकांना ठाऊक नसतं. साताऱ्यातल्या माझ्या गॅरेजमध्ये हे सगळ्यांच्या देखत घडलं, म्हणून लिहितोय.

गाडी शाहूपुरीतल्या एका काकांची. राजवाड्याजवळ त्यांचं मेडिकल आहे. दीड लिटरचं टर्बो-डिझेल, धुराच्या बीएस-६ नियमांतलं, चार वर्षांचं, आणि मीटर जेमतेम अठरा हजारांवर. तक्रार अशी की पिकअप गेलाय आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागून राहतो. "बाकी इंजिन फर्स्टक्लास आहे हो," काका म्हणाले, "ऑइल थेंबभर खात नाही. उलट पट्टीवर खुणेच्या वर दिसतं."

ऑइल वर चढलंय हे ऐकल्यावर मी बॉनेटकडे वळलो. तोवर काकांनी "हे बघा, रेस दिली तरी ओढत नाही" म्हणत गाडी चालू करून एक्सलरेटर दाबलाही होता. त्यांनी पाय उचलला, पण काटा खाली येईना. तीन हजार, चार हजार, आवाज चढतच गेला आणि सायलेन्सरमधून निळसर पांढऱ्या धुराचा लोट निघाला. काकांनी चावी फिरवली. काही फरक नाही.

मी त्यांना हाताला धरून बाहेर काढलं, पोरांना गाडीसमोरून हटायला सांगितलं आणि आत बसलो. हँडब्रेक ओढला, ब्रेक पूर्ण दाबला, टॉप गिअर टाकला आणि क्लचवरचा पाय झटक्यात सोडला. गाडीनं जोरात हिसका दिला आणि इंजिन बंद पडलं. टॉप गिअरच का? त्यात चाकांपर्यंत ताकद सगळ्यात कमी पोचते, त्यामुळे ब्रेक इंजिनला भारी पडतात. पहिल्या गिअरमध्ये गाडी भिंतीवर गेली असती. ऑटोमॅटिक गाडीत हा उपाय चालत नाही. तिथं हवा आत जाते त्या तोंडात कार्बन डायऑक्साइडचा अग्निशामक मारावा लागतो किंवा जाड फळी दाबून धरावी लागते. हात किंवा फडकं कधीच नाही, टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, ते आत ओढून घेतो.

पेट्रोल इंजिनला ठिणगी लागते. ती बंद केली की काम संपलं. डिझेल इंजिन हवा साधारण सोळाला एक या प्रमाणात दाबतं, ती तापते आणि आलेलं इंधन आपोआप पेटतं. इंजिनची गती ठरते ती इंजेक्टर किती डिझेल सोडतात त्यावर. पण हवेच्या वाटेनंच ऑइल आत यायला लागलं, तर इंजिनला तेही इंधनच. मग चावीचा आणि कॉम्प्युटरचा काही ताबा राहत नाही. या गाडीच्या इनटेकला हवा अडवणारा फ्लॅप होता, पण काजळी आणि ऑइलचा चिकट थर साचल्यानं तो अर्धवटच मिटत होता.

इंजिन गार झाल्यावर पट्टी काढली. ऑइल वरच्या खुणेच्या दोन बोटं वर, आणि वास चक्क डिझेलचा. चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याचा, नट उघडला तर जे पडलं ते पाण्यासारखं पातळ. साडेचार लिटर ऑइल मावणाऱ्या इंजिनातून सहा लिटरच्या वर निघालं. टर्बोतून आलेली तापलेली हवा गार करणाऱ्या इंटरकूलरमध्ये वेगळं ऑइल साचलेलं.

हे डिझेल आलं कुठून, तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साफ करण्याच्या प्रयत्नातून. बीएस-४ मध्ये डिझेल कारला किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कण सोडायची मुभा होती. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि ती ४.५ वर आली. त्यासाठी सायलेन्सरच्या वाटेत हा फिल्टर बसला. फिल्टरमधली काजळी जाळायला सहाशे अंशांच्या आसपास उष्णता लागते. हायवेला इंजिन तापलेलं असलं की हे काम सहज होतं. जमलं नाही तर कॉम्प्युटर सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडतो, म्हणजे ते पुढं फिल्टरपाशी जळावं. त्यातलं थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून चेंबरमध्ये उतरतं. काकांचा रस्ता दोन-तीन किलोमीटरचा. जाळायला सुरुवात होते न होते, तोच दुकान येऊन गाडी बंद. काजळी जाळायच्या या कामाला रिजनरेशन म्हणतात. स्कॅनरवर सुरू होऊन अर्धवट सुटलेल्या रिजनरेशनची रांगच दिसली.

काकांच्या आधीच्या गाडीत फियाटचं १.३ मल्टिजेट होतं, १२४८ सीसी, टायमिंगला चेन, आणि डीपीएफ नाही. मी डिझेल शिकलो ते याच इंजिनवर आणि मला ते फार आवडतं. ऑइल वेळेवर बदललं की ते असला रस्ता वर्षानुवर्षं निभावून नेतं. काकांना नव्या गाडीत काय बदललंय हे विकताना कुणी सांगितलंच नाही, याचा मला खरोखर राग येतो.

टर्बो उघडून शाफ्ट हलवून पाहिला, बाजूला खेळत होता. हा शाफ्ट मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो, तेही ऑइलच्या पातळ थरावर तरंगत. ऑइलमध्ये डिझेल मिसळलं की तो थर टिकत नाही. शिवाय टर्बोतलं ऑइल स्वतःच्या वजनानं खाली चेंबरमध्ये परततं. चेंबरच तुडुंब असेल तर ते तुंबतं आणि सीलमधून हवेच्या वाटेत घुसतं. काकांच्या गाडीत हेच झालं होतं. टर्बोची कोअर बदलली, इंटरकूलर आणि होस धुतले, फ्लॅप साफ केला. नशिबानं रॉड बेअरिंग वाचली होती. ऑइल कमी राखेचं, सी-३ दर्जाचं घातलं. साध्या ऑइलची राख डीपीएफमध्ये बसते आणि काजळी जळते तशी ती जळत नाही. मग स्कॅनरनं उभ्या गाडीत रिजनरेशन केलं आणि त्यानंतर परत एकदा ऑइल बदललं.

काकांना कुणीतरी डीपीएफ कापून टाकायचा सल्ला दिला होता. मी ते काम करत नाही. ते बेकायदा आहे, आणि तो धूर दुकानासमोरून शाळेत जाणाऱ्या पोरांच्या छातीत जातो. माझं म्हणणं एवढंच होतं की गाडी चांगली आहे, पण तुमच्या रस्त्याची नाही.

काका आता पेट्रोल गाडी चालवतात. डिझेल त्यांच्या भाच्याकडे फलटणला गेली. त्याला आठवड्यातून अनेकदा पुण्याला जावं लागतं. ऑइल किलोमीटर पुरे झाले नाहीत तरी वर्षाला बदलायचंच, हे त्याला बजावलंय. डीपीएफचा पिवळा दिवा लागला की गाडी घरी नेऊन बंद करायची नाही, हायवेला काढून पंधरा-वीस मिनिटं एका लयीत चालवायची. ऑइलचा लाल दिवा लागला तर मात्र लगेच कडेला घ्यायची, इंजिन बंद करायचं आणि मला फोन करायचा.