पल्सरचे फूटरेस्ट सव्वा इंच खाली घेतले, त्याची गोष्ट

फूटरेस्ट खाली घेणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. मला तीन आठवडे लागले. त्यातले अडीच आठवडे एका बोल्टाच्या शेपटाने खाल्ले, आणि त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून हे लिहितोय.

माझी उंची सहा फूट एक इंच. गाडी पल्सर 220. बसायचं ते पुढे वाकून, पाय मागे आणि वर. विशीत हे फार झोकात वाटायचं. आता पुण्याहून कराडला निघालो की शिरवळ येईपर्यंत गुडघे कुरकुरायला लागतात, आणि खंबाटकी चढताना मी एकेक पाय आळीपाळीने हवेत लोंबकळत ठेवतो. मागे बसलेली बायको दर वेळी विचारते, "कुणाला लाथ मारतोयस का?"

सीट उंच करून पाहिली होती. गुडघे सुटले, पण हँडल आणखी खाली गेल्यासारखं झालं आणि सगळा भार मनगटांवर आला. म्हणजे पायच खाली न्यायला हवे होते.

भोसरीतल्या एका फॅब्रिकेटरकडून आठ मिलिमीटर जाड लोखंडी पट्टीचे दोन ब्रॅकेट करून घेतले. मापं मी पुठ्ठ्यावर काढून नेली होती. वरची बाजू फूटरेस्टच्या मूळ जागेत बसते, खालच्या कानात तोच फूटरेस्ट पुन्हा लागतो. खाली 32 मिलिमीटर, पुढे 10. पाय टाकल्यावर ब्रॅकेट गोल फिरू नये म्हणून प्रत्येकात एक आडवा बोल्ट. हाच तो बोल्ट, लक्षात ठेवा. नाना पेठेतून आणला, डोक्यावर 8.8 कोरलेला, म्हणजे मजबूत प्रतीचा. दुकानदार म्हणाला, "साहेब, थोडा लांबच घ्या. आखूड पडला तर पुन्हा हेलपाटा." मलाही पटलं.

डावी बाजू एका तासात झाली. गिअरच्या रॉडच्या दोन टोकांपैकी एकाचे आटे उलटे असतात, एवढं ध्यानात ठेवलं की बास. रॉड फिरवला की लिव्हर खाली येतो. उजवीकडे ब्रेकचं पेडलही खाली घ्यावं लागतं, नाहीतर ब्रेक दाबायला आधी पाय उचलावा लागतो. पेडल दाबलं की ब्रेकचं ऑईल ढकलतो तो मास्टर सिलिंडर; त्याच्या दांड्याचा नट सैल करून तेही केलं. संध्याकाळी सिंहगड रोडला चक्कर मारून आलो. गुडघे खूश.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या वॉचमनकाकांनी हटकलं. "दादा, तुमचा मागचा लाल दिवा चालूच राहतोय." मी म्हटलं, पेडल खाली आलं, मग ब्रेकच्या दिव्याचा स्विच नको का जुळवायला! स्विचचा नट चार आटे फिरवला, दिवा विझला. स्वतःवर खूश होऊन हात धुतले. तिथेच माती खाल्ली. गाडी स्वतः सांगत होती की पेडल पूर्ण वर येत नाहीये, आणि मी तिचं तोंड बंद केलं.

चार दिवसांनी ऑफिसातून येताना गाडी जड वाटायला लागली. सिग्नलला न्यूट्रलमध्ये पाय टेकून पुढे ढकलली तर हलेना. घरी येऊन मागच्या ब्रेकच्या डिस्कवर बाटलीतलं पाणी शिंपडलं, तर तव्यावर उडावं तसं चर्रकन उडालं. अर्ध्या तासाने पाहिलं तर चाक मोकळं. सकाळी तर एकदम भुर्रर्र.

सर्व्हिस सेंटरला नेली. तिथली पद्धत अशी की गाडी बाहेर लावायची, टोकन घ्यायचं आणि जॉब कार्डसाठी पाऊण तास बसायचं. तोवर डिस्क गार. मेकॅनिक यायचा, मेन स्टँडवर चाक फिरवायचा आणि म्हणायचा, "फ्री आहे की सर." पहिल्या वेळी ब्रेकचे पॅड बदलले. दुसऱ्या वेळी ब्रेक ऑईल बदलून हवा काढली. तिसऱ्या वेळी पॅड दाबणारा कॅलिपर उघडून साफ केला, आणि काउंटरवरच्या मुलीने मला ऐकू जाईल अशा आवाजात आतल्याला सांगितलं, "तेच सर आलेत, ब्रेकवाले." मी कळवळून सांगत होतो की गरम असताना बघा, आत्ता बघा, टोकनच्या आधी बघा. रांग म्हणजे रांग. आणि त्या रांगेतच माझा रोग बरा होत होता. तीन खेपांचं बिल ब्रॅकेटच्या दुप्पट झालं.

शेवटी एका रविवारी चटई टाकून उजव्या बाजूला आडवा झालो, मोबाईलचा टॉर्च दातात धरून. पेडल हाताने दाबलं, सोडलं. टक्. आवाज रबराचा नव्हता, लोखंडाचा होता. पेट्रोलची पावती खिशात होती, ती ब्रॅकेट आणि पेडलच्या मध्ये सरकवली. सगळीकडून गेली, एका ठिकाणी अडकली. ब्रॅकेटच्या आडव्या बोल्टाचं शेपूट नटाच्या बाहेर पाच-सहा आटे आलेलं होतं, बरोबर पेडलच्या दांड्यावर. पेडल वर येताना त्याला टेकायचं आणि थांबायचं, जेमतेम दोन मिलिमीटर आधी. पेडलवर त्या जागी रंग उडून चकचकीत टिकली पडली होती. अडीच आठवडे ती तिथेच होती.

दोन मिलिमीटरने काय होतं, तर मास्टर सिलिंडरमध्ये ऑईल डबीत परत जायचं जे बारीक छिद्र असतं, ते उघडतच नाही. गाडी गार असताना चालून जातं. दोन-चार वेळा ब्रेक मारला की ऑईल तापून फुगतं, मागे जायला वाट नाही, मग पॅड दाबून धरतं. त्याने आणखी तापतं. थांबलं की गार होऊन सुटतं. बिचाऱ्या मेकॅनिकला चाक मोकळंच मिळणार.

नाना पेठेतून आखूड बोल्ट आणि नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेला, सैल न होणारा) नट आणला. वीस मिनिटांत काम संपलं. दिव्याचा स्विच परत जुन्या जागी आणला, आणि वॉचमनकाकांना चहा पाजला. ते आठवण करून देत म्हणाले, "मी बोललो होतो." बोलले होते.

हो, एक राहिलंच. पावतीची ही चाचणी बोल्ट आवळल्यावर लगेच करा, पेडल दाबून सोडून दहा वेळा, आणि मागचं चाक फिरवून बघा ते पंधरा किलोमीटर चालवून आल्यावर, गाडी गार असताना नाही. फूटरेस्ट खाली आल्यावर वळणावर गाडी पूर्वीइतकी कलत नाही, टोक आधी घासतं. खंबाटकी उतरताना डावं टोक एकदा खर्रकन घासलं तेव्हा कळलं. पार्किंगमध्ये गाडी ढकलताना नडगीही तिथेच आपटते, आठवडाभर निळी होती. आणि मागच्या माणसाच्या फूटरेस्टला हात लावू नका, तो कायद्याने लागतो. माझ्या फॅब्रिकेटरने "तेही खाली घेऊ का, सेटमध्ये बरं दिसेल" म्हणून विचारलं होतं.

परवा कराडला जाऊन आलो. खंबाटकीत दोन्ही पाय जागेवर होते. बायको म्हणाली, "आज कुणाला मारलं नाहीस?"