पंच नको, काका

लालबागला चाळीच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये मला बोलावलं होतं ते काकूंसाठी. खुब्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्या दिवशी सकाळी डिस्चार्ज, आणि कमोडच्या बाजूला धरायला दांडा हवाच असं डॉक्टरांनी बजावलेलं. ग्रॅब बार मुलाने आणून ठेवला होता. पण आधी कुणीतरी टॉवेल रॉड लावताना एक टाइल आरपार चिरली होती आणि त्या डिझाइनचा माल आता बाजारात मिळत नाही. त्यामुळे घरात सगळ्यांनी ड्रिलची धास्तीच घेतली होती.

काका १९८२ च्या संपापर्यंत गिरणीत फिटर. बाथरूमच्या दारात स्टूल टाकून बसले, म्हणजे परीक्षाच. सोसायटीत दुपारी २ ते ४ ड्रिल बंद, आणि मी पोचलो तेव्हा बारा वाजून गेलेले.

चिरलेल्या टाइलचा एक टवका उडाला होता, तो बघितला. आतून पांढुरकी, एकदम घट्ट. पाण्याचा थेंब ठेवला तर तसाच बसून राहिला. म्हणजे व्हिट्रिफाइड. भिंतीची साधी सिरॅमिक टाइल आपल्या वजनाच्या १० टक्क्यांहून जास्त पाणी पिते, ही अर्धा टक्काही पीत नाही. सिरॅमिकला भाल्याच्या टोकाचं कार्बाइड बिट पुरतं. हिच्यावर ते नुसतं तापून बोथट होतं. इथे पोकळ डायमंड बिटच लागतं.

मग ड्रिल पिशवीतच ठेवून स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने भिंत वाजवत गेलो. घाईच्या कामात टाइलमागे पूर्ण माल भरत नाहीत, चार-पाच गोळे मारून चिकटवतात. गोळ्यांच्या मधे आवाज पोकळ येतो, आणि टाइल तडकते ती बहुतेक तिथेच. दोष मात्र ड्रिलवाल्याला. (पुष्कळदा तोही असतोच, ड्रिलचा हॅमर, म्हणजे ठोके देणारी सोय, चालू ठेवून टाइलवर भिडणारे मी रोज बघतो.) भरीव जागा पेन्सिलने घेरल्या, कमोडच्या जेट स्प्रेच्या अँगल कॉकच्या (भिंतीतल्या छोट्या नळाच्या) उभ्या-आडव्या रेषेतली पट्टी पाइपच्या भीतीने सोडली. दांडा मुलाने ठरवलेल्या जागेपासून चार बोटं वर सरकला.

मास्किंग टेप लावून खूण केली, तर काका म्हणाले, "आधी पंच ठोकून खळगा पाड, नाहीतर बिट घसरेल."

"पंच नको, काका. लोखंडाला खळगा पडतो, हिचा टवका उडेल."

काकांना ते पटलं नाही, पण पाण्याची बाटली त्यांनीच हातात घेतली. बॅटरीचं ड्रिल, कारण पाण्याजवळ वायरचं नको. हॅमर बंद, वेग कमी. बिट आधी तिरकं धरून चंद्रकोर पाडली आणि हळूहळू सरळ केलं. काका थेंब थेंब पाणी सोडत होते, खाली दुधासारखा ओघळ. जोर द्यायचा नाही. शेवटच्या मिलिमीटरला तर हात आणखी हलका.

टाइलला भोक १० मिलिमीटरचं, मागच्या भिंतीला ८ चं. असं केलं की भिंतीत हॅमर लावला तरी बिट टाइलच्या कडेला घासत नाही. करडी भुकटी आली, म्हणजे काँक्रीट. विटेची लाल येते, सिपोरेक्सची, म्हणजे हलक्या सच्छिद्र ब्लॉकची, पांढरी आणि हलकी. तशा भिंतीत मी साध्या गिट्टीवर (भोकात बसून स्क्रू धरणारा प्लग) माणसाचा भार सोडलाच नसता.

पाऊण इंच आत गेल्यावर आवाज बदलला. माझं बोट ट्रिगरवरून उठायच्या आत काका ओरडले, "थांब! लोखंड लागलं."

सळई होती. तिच्याशी झटापट केली तर सगळा हादरा टाइलला. अशा वेळेसाठीच मी फ्लँजच्या (दांड्याच्या टोकाच्या, भिंतीला बसणाऱ्या चकतीच्या) तिन्ही खुणा एकदम करत नाही. एक भोक पूर्ण झाल्यावर बाकीच्या. फ्लँज थोडी फिरवली, फसलेलं भोक दोन नव्या भोकांच्या मधोमध, झाकणाखाली गेलं. पुढची सगळी सरळ उतरली.

गिट्टी टाइलच्या पातळीला ठेवायची नसते. स्क्रू आवळताना ती फुगते आणि भोक नीट पाडलेली टाइलही चिरते. ती ठोकून भिंतीत खोल बसवली. भोकांत आणि फ्लँजमागे सिलिकॉन, स्क्रू स्टेनलेस स्टीलचे, शेवटचे आटे हाताने.

दोन वाजायला थोडा अवकाश होता. काकांनी दांडा दोन्ही हातांनी धरून पाय जवळजवळ उचलले. मग टाइलवरून अंगठा फिरवून बारीक रेघ शोधली. सापडली नाही.

"२४ तास इथे पाणी उडू देऊ नका," मी म्हटलं.

"आणि हिची आंघोळ?"

"बाबा, टाक्यांना पाणी लावायचंच नाहीये," आतून मुलगा म्हणाला. काका मला टॉवेल रॉडकडे घेऊन गेले. "ही चिरलेली काढून दुसऱ्या रंगाची लावलीस तर किती घेशील?"