आमची वाटचाल : पिवळ्या पट्ट्यांची पाठ

सुरुवात खुर्च्यांच्या गादीकामापासून झाली. नवरा सुतारकाम करायचा, मी शिवणकाम. यायच्या त्या खुर्च्यांचे बसकेखालचे ज्यूटचे पट्टे सैल पडलेले, स्प्रिंगा कललेल्या, काथ्याचा भुगा झालेला. पट्टे ताणायचे, स्प्रिंगा सुतळीनं बांधायच्या, वर नवं कापड. सजावट वगैरे डोक्यातही नव्हतं.

एकदा कोरीव खुर्च्यांच्या जोडीला जरीचं कापड पुरेना. तसलंच पुन्हा मिळेना. शेवटी खुर्च्यांच्या मालकीणबाईंना विचारून पाठीमागे पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचं सुती कापड लावलं. समोरून खुर्ची तशीच भारदस्त, पण मागून पाहिली की खुदकन हसणारी! बाई तिच्याभोवती दोनदा फिरल्या. त्यांच्याच ओळखीनं पुढची कामं आली.

पहिला पूर्ण दिवाणखाना सजवायला मिळाला तेव्हा मात्र आम्ही वाहवलो. आरशाची कोरीव चौकट गुलाबी, झुंबर हिरवं, सोफा पट्ट्यांचा, जमीन चौकटींची. नजर टेकवायला जागाच उरली नाही. घरमालकांनी शांतपणे सांगितलं, "इथं बसवत नाही." स्वतःच्या खर्चानं अर्धं काम उतरवलं.

त्यानंतर मी जाणत्यांची कामं बारकाईनं पाहू लागले. फ्रेंच डिझायनर फिलिप स्टार्क यांनी २००२ साली कार्टेल या इटालियन फर्निचर कंपनीसाठी केलेली ‘लुई घोस्ट’ खुर्ची घ्या. फ्रान्सचा राजा सोळावा लुई याच्या काळातल्या खुर्चीची लंबगोल पाठ, तसेच हात. पण सगळी पारदर्शक पॉलिकार्बोनेटची, म्हणजे टणक प्लास्टिकची, एकाच साच्यातून निघालेली. गंमत फक्त साहित्यात, आकाराला धक्का नाही. इटालियन डिझायनर अलेस्सांद्रो मेंदिनी यांच्या १९७८ च्या ‘प्रूस्त’ खुर्चीत रंगाचे ठिपके कापडावरून थेट लाकडावर पसरतात, तरी जुन्या घाटाची खुर्ची लगेच ओळखू येते.

म्हणून आता आम्ही आधी खोलीचा सांगाडा बसवतो. भिंतीवरची आडवी पट्टी साधारण एक तृतीयांश उंचीवर, आरसा मधोमध, दिवे जोडीनं. ते नीट जमलं की मगच एक खोडी. एका खोलीत एकच. कपाटाच्या आतल्या बाजूला लाल रंग, किंवा गंभीर चौकटीत एखादं धीट रंगाचं चित्र.

जुनं चांगलं लाकूड आमच्याकडे रंगवत नाहीत. यावर नवरा ठाम आहे आणि त्याचं बरोबर आहे. लाखेचं पॉलिश स्पिरिटनं विरघळतं, त्यामुळे खराब झालं तर पुन्हा करता येतं. ऑइलपेंट मात्र कोरीवकामाच्या खाचांत बसतो आणि काढताना नक्षीच्या कडा बोथट होतात. कापडाचं तसं नाही. कंटाळा आला की टाके उसवायचे.

आज आम्ही पाच जण आहोत. सध्या उंच पाठीचा एक सोफा आलाय. समोरचं कापड आजींनी निवडलंय, मऊ राखाडी मखमल. पाठ नातीच्या वाट्याला आलीय आणि तिला जांभळ्यावर केशरी मासे हवेत. उद्या नमुने घेऊन जायचंय.